आमसुलाने घासलेला कोरिया

“बघ गो वृंदे, कशी झाली! ओळखता तरी येतात का?”

आई मागच्या पडवीत पाटावर बसली होती. पुढ्यात भिजवलेल्या आमसुलांचा वाडगा, हातात काथ्याचा बोळा. देवाचं ताम्हण, निरांजनं घासून पालथी घातलेली होती आणि त्यांच्या शेजारी एका जुन्या पंचावर ओळीने मांडलेली नाणी उन्हात चकाकत होती.

त्या दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. अर्धवट नेसलेल्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून मी पिना मागायला बाहेर आले होते. पिनांचं विसरूनच गेले.

“आई, ही आप्पांची नाणी?”

“मग काय माझ्या माहेरची? त्यांच्या त्या अल्बमातली. पांढरी होती ती बरी होती, तशीच ठेवली. ही मेली काळी ठिक्कर पडलेली. मुंबईची माणसं यायची, त्यातून तीही नाण्यांतली. त्यांच्यापुढे असलं कळकट ठेवायचं? म्हणतील, घरात बाईमाणूस आहे की नाही.”

मी सांगायला तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की कुठून सुरुवात करावी ते कळेना. तेवढ्यात पुढच्या अंगणातलं फाटकाचं बेडं वाजलं आणि आप्पांचा आवाज आला, “या भाटकरसाहेब, या. जरा जपून, पायरीचा तिसरा चिरा हलतो.”

“आली वाटतं!” आई लगबगीने उठली. “जा, तेवढी पुसून जागच्या जागी घाल. माझं घावनांचं पीठ राहिलंय.”

मी पंचा चारी कोपरे धरून उचलला आणि आतल्या खोलीत गेले. साडी नेसायची होती ती तशीच राहिली.

माझे वडील दत्ताराम नागवेकर रत्नागिरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आम्ही आप्पा. अंगाने किडकिडीत, आवाज एवढा बारीक की शाळेतली पोरं त्यांच्या तासाला खुशाल डबे खायची. आप्पांना एकच वेड होतं, नाण्यांचं. त्यातही त्यांनी कोरिया धरला होता. कोरियाच का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “शिवराई, मोगल, इंग्रज, सगळे देश मोठ्या लोकांनी वाटून घेतले. कोरिया तेवढा उरला होता, तो मी घेतला.”

आप्पा आयुष्यात कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते. मुंबईला नाण्यांच्या मंडळात वर्षातून एकदा जायचे, तेवढाच अपवाद. त्यांना कोरिया आणून द्यायचे हुसेनकाका फणसोपकर. ते बोटीवर इंजिनात काम करायचे. सुट्टीवर आले की आधी आमच्याकडे येऊन रुमालाची गाठ सोडायचे. बुसान, उल्सान ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी हुसेनकाकांच्या तोंडून ऐकली.

आप्पांचा अल्बम बाजारातला नव्हता. बाजारातल्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी हिरवी पडतात, हे त्यांना डझनभर नाणी घालवून कळलं होतं. मग ते इस्पितळातून जुने एक्स-रे मागून आणायचे, गरम पाण्यात सोडा घालून त्यावरचे फासळ्यांचे काळे फोटो धुऊन काढायचे, आणि उरलेल्या स्वच्छ पारदर्शक फिल्मच्या पट्ट्या कापायचे. काळ्या जाड पुठ्ठ्याला नाण्याच्या मापाची खिडकी, तिला दोन्ही बाजूंनी पट्टी, मध्ये नाणं. खाली रोट्रिंगच्या पेनाने कोरियन अक्षरं. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र काढावं तशी सुरेख काढायचे. हवेतला दमटपणा खायला औषधांच्या डब्यांतल्या त्या खड्यांच्या पुड्या कपाटात ठेवायचे आणि महिन्याकाठी ते खडे तव्यावर भाजून परत कोरडे करायचे.

त्या तव्यावरूनच काय तो आईआप्पांमध्ये संवाद व्हायचा.

“तवा हवाय.”

“भाकऱ्या व्हायच्यात.”

आमच्या घरात भांडण नव्हतं. खरं तर बोलणंही नव्हतं. आप्पा शाळेतून आले की भिंतीकडे तोंड करून टेबलाशी बसायचे आणि आई स्वयंपाकघरात. “बसलीय ना माझी सवत टेबलावर,” असं ती शेजारणींना हसत सांगायची. ते हसणं मला लहानपणी खरं वाटायचं. मोठी झाल्यावर वाटेनासं झालं. ती अल्बमाला चुकूनही हात लावायची नाही. कपाट पुसताना त्याच्या भोवतीने फडकं फिरवायची.

आणि हे भाटकर! विश्वनाथ भाटकर म्हणजे मुंबईच्या मंडळातलं सुप्रीम कोर्ट. त्यांनी नाणं खरं म्हटलं की खरं. आप्पा जेवताना त्यांची एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. एका बैठकीत कुणी उत्साही तरुण आपलं जुनं नाणं चकचकीत करून घेऊन आला. भाटकरांनी ते एका बोटाने परत त्याच्याकडे सरकवलं आणि एवढंच म्हणाले, “हे न्हायलेलं आहे.” मंडळातला तो शब्द होता, धुतलेल्या नाण्यासाठी. तो तरुण पुन्हा मंडळात दिसला नाही. “बरोबरच आहे,” आप्पा म्हणायचे. “नाण्याचं वय त्याच्या अंगावरच्या रंगात असतं. तो घासून काढला की मग राहिलं काय?”

त्या भाटकरांचा मुलगा राजन इंजिनियर होता आणि त्याच्यासाठी माझं स्थळ सुचवलं गेलं होतं. भाटकरांनी आप्पांना लिहिलं होतं, मुलगी बघूच, पण तुमचा कोरियाही बघू. मनासारखा निघाला तर जानेवारीच्या प्रदर्शनात तुम्हाला स्वतंत्र टेबल देऊ. ते कार्ड आप्पा आठवडाभर खिशात घेऊन फिरत होते. त्या दिवसाची धास्ती घ्यायची तर मी घ्यायला हवी होती. घेतली होती ती आप्पांनी, आणि माझ्यासाठी नव्हे.

आतल्या खोलीत मी नाणी खिडक्यांत घालत होते तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात गरगरत होतं. पाच वॉनवरची बोट, दहा वॉनवरचं देऊळ, सगळी नवीन पितळी कड्यांसारखी लखलखत होती. त्यातच ते ‘लाल दहा’ होतं. सत्तर साली कोरियाने दहा वॉनचा धातू बदलला. त्या एकाच वर्षी आधीची तांबूस आणि नंतरची पिवळी अशी दोन्ही नाणी निघाली आणि तांबूस फार थोडी. आप्पांनी त्याच्यासाठी हुसेनकाकांचा किती फेऱ्यांत पिच्छा पुरवला होता! शेवटी बुसानच्या मासळीबाजारात एका कोळणीने मोड दिली, त्यात ते सापडलं. हुसेनकाकांनी ते तोंडात धरल्यासारखं जपून आणलं होतं. आता ते हातात घेतलं तर गुलाबी दिसत होतं. आणि त्याच्या शेजारचं पिवळंही तसंच गुलाबी. आंबटाने पितळही लाल पडतं, हे कोकणातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

“वृंदा,” आप्पांनी बाहेरून हाक मारली, “बाळ, पाणी आण.”

अल्बम मिटून कपाटात ठेवला, कशीबशी साडी सारखी केली आणि तांब्याभांडं घेऊन बाहेर गेले.

भाटकर उंच, गोरे, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात ताठ बसलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे बापलेक दोघेच आले होते. राजन दिसायला छान होता, हे मान्य करायलाच हवं. मला दोनचार प्रश्न विचारले गेले, त्यांची मी उत्तरं दिली. आईने गरम घावनं आणि नारळाचा रस आणून ठेवला. भाटकर मनापासून जेवले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला वाटलं, गप्पा लांबतील, बसची वेळ होईल आणि अल्बम कपाटातच राहील.

भाटकरांनी हात पुसले, पुढ्यात आलेला चहाचा कप बाजूला सरकवला. “मास्तर, आता तुमचा कोरिया.”

आप्पा उठले. हात साबणाने धुतले, कोरडे केले. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. कपाटातून अल्बम दोन्ही हातांवर घेऊन आले. मी त्यांच्याकडे बघून मान हलवायचा प्रयत्न केला, पण त्यांना त्या वेळी कोण दिसणार होतं? चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी पहिलं पान उघडलं.

त्यांचा हात पानावर तसाच राहिला. पान पुढे उलटलं नाही, की मिटलंही नाही. त्यांनी एकदा नाण्यांकडे पाहिलं. मग मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात आई पदराला हात पुसत उभी होती. तिची बोटं आमसुलाने लाल झाली होती. आप्पांनी ती बोटं पाहिली.

भाटकर पुढे वाकले. चष्मा कपाळावर चढवला, खिशातून भिंग काढलं. पहिल्या खिडकीवर धरलं, दुसऱ्या, तिसऱ्या. मग शांतपणे म्हणाले, “मास्तर, ही न्हायलेली आहेत.”

“हो,” आप्पा म्हणाले.

“सगळी?”

“तांब्यापितळेची तेवढी.”

“कुणी केलं हे?”

“मी.”

भाटकरांनी भिंग खाली ठेवलं. “तुम्ही? अहो, नाण्याला श्वासही लागू देत नाही, असं लिहिणारे तुम्ही?”

“लिहिलं होतं खरं. पण पाहुणे यायचे होते. घासावीशी वाटली.”

ज्या माणसासमोर आप्पांना आयुष्यात एकदाच उभं राहायचं होतं, त्याच्यासमोर ते स्वतःला अडाणी ठरवत होते. आवाज नेहमीसारखाच बारीक. मला रडू फुटेल असं वाटलं. आणि नेमकी त्या वेळी आई पुढे आली.

“अहो, काय तरीच काय!” ती हसत म्हणाली. “तुम्ही कुठली घासताय? जन्मात एक तांब्या घासलात का? मी घासली हो भाऊ, आज सकाळी. राखेने घासली असती तर चरे पडले असते, म्हणून मुद्दाम रात्रीच आमसुलं भिजत घातली.”

राजनने ओठ दाबून हसू आवरलं.

“वहिनी,” भाटकर म्हणाले, “तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही काय...”

“भाटकरसाहेब.”

आप्पांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शाळेत तो निघाला असता तर पोरांनी डबे मिटले असते.

“चहा निवतोय तुमचा,” ते म्हणाले.

“चहाचं राहू द्या हो. त्यांना कळायला नको का? उद्या उरलेलीही घासतील.”

“घासू देत. नाणी माझी आहेत. मीच हिला म्हणालो होतो, पाहुणे येतायत, जरा स्वच्छ करून ठेव. मला अशीच हवी होती.”

“कधी म्हणालात?” आईने विचारलं.

“म्हणालो होतो. तुझ्या लक्षात नसेल.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग भाटकरांकडे, मग टेबलावर ठेवलेल्या भिंगाकडे.

“असेल बाई,” ती म्हणाली. “माझ्या मेलीच्या काय लक्षात राहतं!” आणि आणखी रस आणते म्हणून आत गेली.

ती आत गेल्यावर भाटकरांनी लाल दहाच्या खिडकीवर बोट ठेवलं. “हे सत्तरचं?”

“हो.”

“लाल?”

“लालच होतं.”

“आता कसं सांगणार, मास्तर? शेजारचं पिवळंही लालच दिसतंय.”

“नाही सांगता येणार,” आप्पा म्हणाले.

भाटकरांनी अल्बम हळूच मिटला. वाईट माणूस नव्हता तो. “टेबल राखून ठेवलं होतं तुमच्यासाठी. पण आता मला ते देता येणार नाही. मंडळातल्या चार लोकांना काय सांगू?”

“बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.”

आई रस घेऊन आली. भाटकरांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, “वहिनी, घावनं मात्र फार सुंदर.” तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हे मी विसरलेले नाही.

निघण्याआधी मोठ्या माणसांनी आम्हाला दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. राजनने पोफळीला टेकून इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, “तुमच्या वडिलांनी खरं सांगायला हवं होतं.”

“कुणाला?”

“आईंना. चूक कळलीच नाही तर माणूस सुधारणार कसा? मी असतो तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. नीट समजावून, हं. चिडून नाही.”

तो समजावून सांगणाऱ्यांतलाच होता, शंकाच नाही. त्याचं म्हणणं तेव्हाही चुकीचं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. पण या माणसाच्या घरात मी घासलेलं प्रत्येक भांडं उजेडात धरून पाहिलं जाणार, एवढं मला त्या पोफळीखाली स्वच्छ दिसलं.

पाहुण्यांना बसवर पोचवून आप्पा परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई ओट्याशी पाठ करून उभी होती.

“आवडली का हो त्यांना नाणी?” तिने न वळताच विचारलं.

“फार. डोळे दिपले म्हणत होते.”

“बरं झालं,” आई म्हणाली आणि पातेली घासायला घेतली. त्या दिवशी तिला ती घासायला फार वेळ लागला.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. आप्पा टेबलाशी बसले होते. अल्बम मिटलेलाच होता. मी जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, “आप्पा, तुमचं टेबल गेलं. मंडळात नाव गेलं. आईला निदान कळू दे तरी. सांगून टाका.”

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

आप्पांनी अल्बमाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. “वृंदे, तुझ्या आईने माझ्या नाण्यांना आज पहिल्यांदा हात लावला. ती कुठल्या देशाची, एवढंही तिने कधी विचारलं नव्हतं. मीही कधी आपणहून सांगितलं नाही म्हणा. आज सकाळभर बसून तिने एकेक घासलं. चरा पडू नये म्हणून आमसुलं भिजत घातली. आणि आता तिला सांगू, की लावलास तो हात चुकला?”

मला त्या क्षणी आप्पा इतके आवडले की लाज वाटून मी दिवा लावायला निघून गेले.

पुढल्या आठवड्यात मुंबईहून होकार आला. मी नाही म्हटलं. आईने कपाळाला हात लावला. आप्पांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “खोट काय काढलीस मुलात?”

“खोट काहीच नाही. फार खरं बोलतो.”

आप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. आईने आतून विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा सावंतवाडीच्या कॉलेजात शिकवायचा. त्याला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही. माहेरी मी दसऱ्याला जायची, कारण आमच्याकडे दसऱ्याआधी देवाची सगळी उपकरणी काढून घासतात आणि आईला एकटीला ते झेपत नसे. निदान मी गेले ते याच समजुतीने.

तर त्या पहिल्याच वर्षी आई पडवीत आमसुलं घेऊन बसली होती. मी बादली भरून आणली, तर पायरीवर आप्पा! हातात अल्बम. खिडकीखिडकीतून नाणी काढून आईच्या पुढ्यातल्या पंचावर ठेवत होते.

“ही पण घे,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी छान झाली होती.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

आईने एक नाणं उचललं, उलटसुलट करून पाहिलं. “हे काय आहे हो? बोट?”

“बोटच. पण वर कासवाची पाठ आहे बघ, लोखंडाची. लढाईची बोट.”

“एवढं लोखंड घालून बुडत नव्हती?”

“नव्हती म्हणतात.” आणि आप्पा त्या बोटीची सगळी हकिकत सांगायला लागले. आई घासून द्यायची, आप्पा पाण्यातून काढून पुसायचे. दहा वॉनवरचं देऊळ झालं. मग आप्पांनी पांढऱ्यातलं पन्नास वॉन काढून दाखवलं. त्यावरची भाताची लोंबी बघून आई म्हणाली, “म्हणजे भात खाणारी माणसं आहेत होय! मग आपल्यातलीच की.” एक वॉनवरचं फूल जास्वंदीच्या जातीतलं आहे, हे कळल्यावर तिने ते देवाजवळ ठेवायला मागितलं. आप्पांनी दिलं. मी बादली ठेवून आत गेले. तिथे माझं काही काम नव्हतं.

मग ते दरवर्षीचंच झालं. दसऱ्याच्या आधीची ती दुपार आली की आप्पा अल्बम घेऊन पायरीवर. हुसेनकाका एकदा त्याच वेळेला घरी आले होते. त्यांनी पंचावरची नाणी पाहिली आणि कपाळावर हात मारला. “मास्तर, वेडबीड लागलं काय तुम्हाला? एवढ्या दर्यापलीकडून आणतो मी.” आप्पा म्हणाले, “आणत राहा हुसेन. घासायला लागतात.” मंडळात ते पुन्हा गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, आता प्रवास सोसत नाही. नाण्यावरच्या देवळाच्या पायऱ्या झिजत झिजत पुसट झाल्या. बोटीवरचं कासव सपाट होत गेलं. कुठल्याही जाणकाराने तो अल्बम बघून डोळे मिटून घेतले असते. आणि माझे आईवडील दिवाळीतही, एरवीही, कोरियात थंडी किती पडते आणि लोणचं कसलं घालतात यावर बोलताना मला ऐकू यायचे.

मला वाटायचं, आप्पांनी केवढं मोठं मन केलं! आईला बिचारीला पत्ताच नाही. कधीकधी तिचा रागही यायचा. एवढं जुनं माणूस, नाणी अशी झिजत गेलेली दिसत नाहीत का हिला?

आप्पा पावसाळ्याच्या अखेरीस गेले. त्या वर्षी दसरा नव्हता आमच्याकडे. पुढच्या वर्षी मी गेले. आई पडवीत बसली होती, पाटावर, तशीच. पाठ आता वाकली होती. ताम्हण, पळी, निरांजनं घासून झाली. मी विचार केला, आप्पांचं एवढं आपण चालवायला हवं. कपाटातून अल्बम आणला, नाणी काढून पंचावर मांडायला लागले.

“ती ठेव आत,” आई म्हणाली.

“का? दमलीस? मी घासते.”

“ती घासायची नसतात.”

माझ्या हातात एक नाणं होतं, ते तसंच राहिलं. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? त्या भाटकरांनी भिंग खाली ठेवलं ना, तेव्हाच कळलं. आणि ह्यांना खोटं बोलता यायचं कुठे? मी आत गेले ती काय रस आणायला?”

“आणि तरी इतकी वर्षं? दर दसऱ्याला घासत बसलीस?”

आईने ओल्या हाताने केस मागे सारले.

“ते आपणहून घेऊन यायचे गो अल्बम. पायरीवर बसायचे. बोटीचं सांगायचे, देवळाचं सांगायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्यापाशी असे कधी बसले नव्हते. मग चार नाणी वाचवायला मी त्यांना उठा म्हणायचं होतं काय?”